यांना रानात नेलं

औशाजवळचा पत्र्याच्या शेडचा कॅम्प,
जानेवारी १९९४

तीर्थरूप आईला सिंधूनं पाया पडून लिहिलेलं पत्र,

आमची काळजी करू नको. शेडमधी थंडी लई वाजती, पण घोंगड्या मिळाल्यात. तुझा गुडघा कसा हाय? दादाचा हरभरा आला का?

भूकंपात आपली दीपी गेली, तवापासून हे बोलतच नव्हते. ढिगाऱ्यातून लेकीला यांनीच काढलं होतं. दिवसभर नुसते पत्र्याकडं बघत बसायचे. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "गोळ्या चालू ठेवा, पण यांना रोज रानात न्या. झाडाखाली बसू द्या. डोक्याला त्याचाबी उतार पडतो."

मग मी रोज हाताला धरून नेऊ लागले. काल ज्वारीवर पाखरं उतरली, तर ती हाकलायला हे एकदम ओरडले. मग बांधावर बसून लई रडले. "सिंधू, मी काढलं तवा तिचं अंग गरम होतं," म्हणले. शेडमधी येऊन पोटभर जेवले.

आई, आता मला झोप न्हाई. यांच्यासमोर रडता येत न्हाई. तू चार दिवस ये, यांच्याजवळ बस. मला एकटीला रानात जायचं हाय.

तुझीच लेक,
सिंधू