नोलाची पन्नास काडतुसं

२४ मार्च, सोमवार

सात कोकरं. आठवड्यात सात! नोला सकाळी आली तीच तणतणत. "तिकडे कायोटी-कोल्हे माझा कळप फस्त करतायत आणि तू इथे कॉफी ढोसत बस." मी म्हटलं, मी काही त्यांना आमंत्रण धाडलं नव्हतं. धाकटी बहीण एकसष्ट वर्षांची झाली, पण जिभेची धार तशीच!

तिचं म्हणणं — बाबांची रायफल लांब पडते. पिकअपच्या खिडकीतून बाहेर काढेपर्यंत कायोटी टेकडीपलीकडे. नळी स्टिअरिंगला अडकते. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला ती नीट पेलवतही नाही. "आखूड करून दे ना. आणि तिला साजेशी काडतुसं भरून दे. तुझ्याशिवाय कोण करणार, ऑरिन?" हे शेवटचं जरा लाडीगोडीने. मला कळतं सगळं. पण बरं वाटलं. माझी बायको व्हर्ना गेल्यापासून मला कोणी काही मागत नाही. नोलाच तेवढी दर दोन-तीन महिन्यांनी पन्नासाची एक डबी नेते.

जाताना रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी ठेवून गेली, पुन्हा भरायला. पाहतो तर या वेळीही एकही माझी नाही! सगळ्यांच्या बुडावर दुसऱ्याच कंपनीचा शिक्का. शेजाऱ्यांच्यात मिसळल्या असणार. चाळीस वर्षं सांगतोय, आपल्या पुंगळ्या वेगळ्या ठेव. ऐकेल ती नोला कसली.

२५ मार्च, मंगळवार

दिवसभर डोक्यात तेच. बरं झालं. नाहीतर डोक्यात दुसरं काय असतं ते लिहायला नको.

नळी चोवीस इंचांची आहे. कापायची तर सोळाच्या थोडी वर. त्याखाली गेलं की सरकारी कागदपत्रं सुरू. आखूड नळीची अडचण अशी की सावकाश जळणारी पावडर आत पुरती जळतच नाही. उरलेली तोंडाशी भडका होऊन जाते, डोळे दिपतात, गोळीचा वेग पडतो. वेग पडला की गोळी आत जाऊन उमलत नाही, नुसती आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळतं आणि सेजच्या झुडपांत कुठेतरी तीन दिवस मरत पडतं. ते मला कायोटीलाही नको.

दोन मार्ग. आताचं दोनशे तेवीस मापाचं काडतूसच ठेवायचं, जरा लवकर जळणारी पावडर आणि हलकी गोळी घ्यायची. नाहीतर नवी आखूड नळी बसवून तीनशे ब्लॅकआउटवर जायचं. ते काडतूस आखूड नळीसाठीच जन्माला आलंय. त्याची पावडर पिस्तुलाच्या जातीची, एका क्षणात जळून खाक.

२९ मार्च, शनिवार

माझ्या दोस्ताने, लोवेलने, त्याची तीनशेवाली रायफल करून बघायला दिली, वर पावडरचा अर्धा डबा. "वापर आणि डबा परत दे. तुझ्या तळघरात गेलेली वस्तू म्हणजे देवाघरी गेलेली," म्हणे. त्याची बायको दारात उभी होती, तिचं नाव काही केल्या आठवेना. नुसतंच हसून वेळ मारून नेली.

मापाच्या भांड्यात पावडर ओतली, भांड्यावर चिकटपट्टी लावून नाव-तारीख घातली. ही आमच्या घरची शिस्त. आत जे असेल त्याचं नाव बाहेर. दुसरी शिस्त — टेबलावर एका वेळी एकच डबा. बाबा यासाठी कान पिळायचे. दोन्ही पावडरी दिसायला जवळजवळ सारख्या, काळसर बारीक चुरा. पण पिस्तुलाची रायफलीच्या मापाने भरली तर बंदूक तोंडासमोर फुटते.

दुपारी खडीच्या खाणीत वीस काडतुसं झाडली. शंभर यार्डांवर झकास. दोनशेवर गोळी हातभर खाली! नोलाच्या टेकड्यांवर कायोटी शंभरावर कुठला थांबतोय. वारा असा की निशाणाच्या फळ्याच उडाल्या.

२ एप्रिल, बुधवार

ठरलं. दोनशे तेवीसच. बाबांची नळी कापतो.

३ एप्रिल, गुरुवार

तीनदा मोजून एकदा कापली. साडेसोळा. लेथवर तोंड घासून घेतलं, कड चहूकडून एकसारखी केली. हात अजून थरथरत नाहीत. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

नळीत उजेड टाकून पाहिलं तर मध्यावर आत ओरखडे. कोणीतरी सळईने काहीतरी ठोकून बाहेर काढलंय. नोलाला फोन केला. आधी म्हणाली, आवाज तुटतोय. मग म्हणाली, "चिखल शिरला होता रे. दोन वर्षं झाली." बाबांच्या बंदुकीत चिखल!

५ एप्रिल, शनिवार

पन्नास भरली. तीन तास. सुरुवातीला तराजू सारखा हलत होता, दर काडतुसाला माप बदलतंय असं वाटे. तळघराच्या खिडकीतून वारा येत असणार. खिडकीला पोतं लावलं. पंधरा-वीस झाल्यावर माप स्थिरावलं. डबी बंद केली, झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.

आज व्हर्नाचा वाढदिवस. संध्याकाळ झाल्यावर आठवलं.

६ एप्रिल, रविवार

चर्चच्या आवारात रायफल आणि डबी नोलाला दिली. रायफल खांद्याला लावून पाहिली, म्हणाली, "आता ही माझी झाली, बाबांची नाही." डबी कोटाच्या खिशात टाकली. वरून थोपटलीसुद्धा.

१० एप्रिल, गुरुवार

बर्फ. नोला गावात आली होती, दोन कायोटी पाडले म्हणाली. "गोळ्या कशा आहेत?" विचारलं. "बऱ्या आहेत." एवढंच! तीन तासांच्या कामाचं मोल — बऱ्या आहेत.

१४ एप्रिल, सोमवार

काल लिहिता आलं नाही.

काल दुपारी लोवेलचा फोन, डबा कुठे. डबा काढला, उरलेली पावडर त्यात परत ओतावी म्हणून मापाच्या भांड्याकडे वळलो. भांड्यावर पट्टी. माझ्याच अक्षरात लोवेलच्या पावडरचं नाव. २९ मार्च.

भांडं मी रिकामं केलंच नव्हतं. पाच तारखेला त्याच्यावर नोलाच्या काडतुसांची रायफलीची पावडर ओतली. पहिली काडतुसं भरली ती खालच्या पावडरची. माप हलत होतं ते वाऱ्याने नव्हे! तीन तास त्या पट्टीसमोर बसलो होतो आणि ती मला दिसली नाही.

कोकरं जन्मायच्या दिवसांत नोला कुरणावर मेंढपाळांच्या वॅगनमध्ये, चाकांवरच्या खोलीत, राहते. तिथे फोन लागत नाही. चाळीस मैल चिखल. गाडी कशी हाकली आठवत नाही. तोंडाने एकच चाललं होतं — तिचे डोळे, तिचे हात.

वॅगनपाशी तिचा मेंढपाळ एउसेबियो बटाटे सोलत होता. पेरूचा माणूस, तेरा वर्षं तिच्याकडे आहे. "मालकीणबाई वरच्या कुरणात गेल्यात, सेन्योर. सकाळपासून दोन बार ऐकले." तो बोलतोय तोच तिसरा बार झाला. चाकाला धरून उभा राहिलो. मग चढण चढलो, पळत. या वयात!

नोला पिकअपला टेकून उभी होती. अख्खी. दोन्ही हात, दोन्ही डोळे, कपाळाला आठी. "मेलास का काय? तोंड बघ आपलं!"

टोपी काढून तोंड पुसलं. शेवटी म्हटलं, डबी दे, पाच तारखेची. काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या खराब निघाल्यात, कंपनीची चूक आहे. खोटं! साफ खोटं, तिच्या तोंडावर. तिने सीटखालून डबी काढली. चिकटपट्टी तशीच. "अजून फोडली नव्हती. जुन्याच संपवतेय," म्हणाली. डबी माझ्या हातात ठेवून माझं तोंड निरखलं. मला वाटलं विचारते आता. पण म्हणाली, "बरं. मग नव्या कधी देतोस?"

एउसेबियोने कोकराचं सूप वाढलं. वाडगा तसाच खाली ठेवला. नशीब, म्हणून वाचली. नुसतं नशीब.

१६ एप्रिल, बुधवार

पन्नासही उघडली. गोळी उपटायची, पावडर पांढऱ्या बशीत ओतायची, भिंगाखाली बघायची. चौदांत लोवेलची. चार मिसळीची. अठरा वेळा माझ्या बहिणीचा चेहरा फुटला असता. पहिल्यातच फुटला असता म्हणा, दुसऱ्याची वेळच कुठली.

बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी नावं, मग किल्ल्या, मग एक दिवस आईलाच विचारलं — बाई, आपण कोण? मी तेव्हा हसलो होतो. लाज वाटते.

आता भरायचं बंद. काडतुसं भरायच्या प्रेसवर चादर टाकली. पण नोलाला काय सांगू? खरं सांगितलं तर ती मला पुन्हा काही मागणार नाही. आणि कोणी काही मागितलं नाही तर मी सकाळी कशासाठी उठू?

१७ एप्रिल, गुरुवार

सांगायला हवं. फोन उचलला, ठेवला. चारदा.

२० एप्रिल, ईस्टर

नोलाकडे जेवण. हॅम, बटाटे, तिचा तो करपलेला केक. सगळ्यांसमोर म्हणाली, "ऑरिनने रायफल अशी केलीय की लोण्यासारखी फिरते." मान वर करवली नाही. आजही सांगितलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

नोलाचा कुरणावरून निरोप, येणाऱ्या ट्रकवाल्याच्या तोंडी. तिच्या घरी जा, कोठीतल्या कपाटातून कोकरांच्या दुधाची पावडर काढून ट्रकवर दे. डावं कपाट की उजवं, गाडीतून उतरेपर्यंत विसरलो. उजवं उघडलं.

माझ्या डब्या. नऊ. माझ्या अक्षरात तारखा, दोन वर्षांच्या. आठ डब्यांची चिकटपट्टी तुटलेलीच नाही. शेजारी दुकानातल्या काडतुसांची खोकी, अर्धी रिकामी. बुडावर तोच, तिच्या पिशवीतल्या पुंगळ्यांवरचा शिक्का.

नववी, सगळ्यांत जुनी, उघडलेली. व्हर्ना गेली त्या महिन्यातली. एकच काडतूस कमी. आत नोलाच्या हातची चिठ्ठी — "यात पावडरच नव्हती. गोळी नळीत अडकली, सळईने काढली. ऑरिनला सांगायचं नाही."

सगळं होतं तसं ठेवलं. कपाट लावलं. दुधाची पावडर डाव्यात होती.

दुपारी नोला स्वतःच गावात आली, फोन केला. दूध मिळालं म्हणाली. मग, "आणि माझ्या नव्या गोळ्या रे? कधी देतोस?"

मी म्हटलं, रविवारी.