चिफचाफ यंदा आला नाही

१५ मार्च, सकाळी ७
ओढ्याकाठच्या विलोच्या झाडाखाली हजर. आज चिफचाफ येणारच. एवढासा पिवळट पक्षी, दक्षिणेतून परततो आणि दिवसभर स्वतःचंच नाव घोकतो. एकेचाळीस वर्षं आमच्या चर्चच्या मासिकात छापून येतं : ‘पहिला चिफचाफ ऐकला – आर्नल्ड पेलिंग.’ बायको, हेस्टर, जानेवारीत गेली, पण नोंद चुकवायची नाही. मी सावरलोय. थर्मासमध्ये चहा दोघांचा भरला गेला, एवढंच.

२२ मार्च
नाही. दोघांचा चहा एकट्याने संपवला. परिणामी तीनदा झुडपामागे. निरीक्षणात खंड.

३० मार्च
सामसूम. जिल्ह्याच्या पक्षीनोंदणी सचिवांना खरमरीत पत्र : चिफचाफने नॉरफोक सोडलंय, आपण झोपा काढताय. मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, कान तपासून घ्या. म्हटलं, कान ठणठणीत आहेत. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती म्हणे. पहिल्या दोनदा पुटपुटली असणार.

५ एप्रिल, सकाळी ८
शेजारच्या मिसेस टिबल कुत्रा घेऊन आल्या. म्हणाल्या, काय सूर लावलाय हो यानं! कुणी, विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं. चिफचाफ! हातभर अंतरावर. चोच उघडत होती, मिटत होती. आवाज शून्य. म्हटलं, मुका दिसतोय बिचारा.

त्यांनी कुत्र्याला खाली बसवलं. मग म्हणाल्या, अहो, पंधरा दिवस झाले, ओरडून कान किटवलेत यानं. आणि हळूच म्हणाल्या, हेस्टर तुमच्या कोपराला हात लावायची, मग तुम्ही वही काढायचात. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आर्नल्ड.

दुपारी ३
जुन्या वह्या काढल्या. पानोपानी ‘मी ऐकला’. ती कोपराला हात लावून विचारायची, ऐकलंस? मी म्हणायचो, केव्हाच! ती हसायची. गेली पंधरा वर्षं तरी मी चिफचाफ ऐकलेलाच नाही. मला वाटायचं, तिला खात्री करून हवीय.

‘मी’ खोडून ‘हेस्टरनं’ लिहायला बसलो. सहा वह्या झाल्या. खूप रडलो. खोट्या नोंदी पुरे, म्हणून हेही लिहितोय.

२३ एप्रिल, सकाळी ६
कानाच्या यंत्रासाठी जूनची तारीख मिळाली. सचिवांना माफीचं पत्र अजून लिहायचंय.

आज कुक्कू पक्षी आला. त्याचा आवाज जाड, तो मला ऐकू येतो. दोनदा, अगदी स्पष्ट. गावात पहिला ऐकणारा मीच, या खेपेला खरोखर. वही काढलीच नाही. कोपर जरा बाहेर काढून उभा होतो, सवयीनं. मोठ्यानं विचारलं, ऐकलंस?

केव्हाच, असं म्हणायला कुणी नव्हतं.