आत्याची चाळ मिटता मिटेना

नायगाव,
रविवार

आदरणीय गौतमदादास प्रफुल्लचा सप्रेम जय भीम.

तुझी कंबर, वहिनींचं पित्त आणि नाशिकची हवा तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे मी जिवंत आहे. याहून जास्त आत्ता विचारू नकोस.

आपली चाळ पुनर्विकासासाठी पाडायच्या आत तिची सगळी हकीकत लिहून ठेवायची, असं मीराआत्यानं ठरवलं (म्हणजे ती सांगणार, मी टाइप करणार). मजला, त्याखाली खोली, खोलीखाली माणसं, अशी लॅपटॉपवर एकच फाइल केली. मथळ्याशेजारच्या बारक्या त्रिकोणावर टिचकी मारली की खालचा मजकूर मिटतो आणि पुढचं दिसतं. पण फाइल बेचाळीस हजार ओळींची झाली आणि एक खोली मिटायला पाऊण मिनिट लागू लागलं. तेवढ्यात आत्याला आणखी एक भांडण आठवायचं, ते लिहिलं की मिटणं आणखी लांबायचं. शेवटी वैतागून मी मजल्यागणिक फाइल तोडायला निघालो. आत्या म्हणाली, “दुसऱ्या मजल्यावरची शेवंता तळमजल्यावर नांदायला गेली. तिला कुठल्या फायलीत कोंबतोस?” फाइल एकच राहिली.

परवा माझ्या हापिसातली मनवा (प्रोग्रामिंग करते, वर स्वभावानं शांत) घरी येऊन बघून गेली. एक अक्षर बदललं तरी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सगळे मथळे नव्यानं मोजत होता. (एका खोलीचं दार लावायला अख्ख्या चाळीची हजेरी!) बदललं असेल तेवढंच मोजायचं, असं तिनं त्यात करून दिलं. आता खोली पापणी लवायच्या आत मिटते.

आत्यानं हौसेनं सगळ्यात वरच्या त्रिकोणावर टिचकी मारली. अख्खी चाळ मिटून एक ओळ उरली. ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, “उघड रे. सगळे आहेत ना?” आहेत, म्हटलं. तरी तिनं एकेक खोली उघडून बघितली. दोन तास गेले. मीही उठलो नाही.

वहिनींना जय भीम सांग.

तुझा थकलेला,
प्रफुल्ल

ता. क. : वेग वाढल्यामुळे आत्यानं कालपासून शेजारची चाळ सुरू केली आहे. दादा, पाया पडतो, तिला पंधरा दिवस नाशिकला बोलावून घे.

ता. क. २ : वरचं तिनं वाचलं. यायला तयार आहे. मला आणि लॅपटॉपला बरोबर आणणार म्हणते. तुमच्या कॉलनीत घरं किती, ते विचारतेय.