सूपभर कोंडा

फुलपाडा, विरार (पूर्व)
८ ऑक्टोबर २००७

प्रिय ज्युलियस,

तू मला ओळखत नाहीस. मी तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तू रांगत होतास आणि उंबऱ्यावर अडकून बोंब ठोकत होतास. मग तुझे पपा तुम्हाला घेऊन मुंबईला गेले, पुढे तू कॅनडा गाठलंस, आणि गेल्या रविवारी एकदम माझ्या सुनेच्या कॉम्प्युटरवर भेटलास. माझी सून स्वप्नाली सातिवलीला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिला इंटरनेटवर जुनी घराणी शोधायचा नाद आहे. बाबा, तुमच्या गावचा कोणी ज्युलियस वंशावळ लावतोय, फोटोही टाकलेत, असं म्हणत ती मला ऑफिसात घेऊन गेली. मराठी शाळेत शिकल्याचं तू तिथे लिहिलंयस, म्हणून हे पत्र मराठीत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे.

तुझ्या आजीचा फोटो पडद्यावर फार हळू उतरला रे. आधी नुसतं आभाळ आलं. मग माडांचे शेंडे, मग तुमच्या घराची कौलं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग तुझ्या आजीचा, इझाबायचा, मधोमध पाडलेला भांग. बांधापलीकडून डोक्यावर हंडा घेऊन येणारी बाई जशी थोडी थोडी दिसत जाते, तशी ती वर येत गेली. बाहेर दुपार होती, पण मला खाडीच्या भरतीचा वास येऊ लागला. ती आता बोलेल, हाक मारेल असं वाटून मी खुर्चीत सरसावून बसलो. शेवटी सगळा फोटो उघडला. बाजूला तुझे पपा आणि तुझ्या दोघी आत्या, शहाण्यासारख्या उभ्या. मांडीवर चौथं पोर, अंगावर करदोट्याखेरीज सूत नाही.

त्या पोराखाली तू लिहिलेलं स्वप्नालीने मला मराठीत सांगितलं. फोटोमागे आजोबांच्या हातचं 'Conde' असं नाव आहे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत हे मूल सापडत नाही. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ सरदार, म्हणून तू लिस्बनचे कागद इंटरनेटवर धुंडाळलेस आणि आजीने कुणा सरदाराचा मुलगा लपवून वाढवला असावा, इथवर येऊन पोचलास. नाताळात तू येणार, आजीच्या कबरीवर नवा दगड बसवणार, त्यावर 'तीन मुलांची आई' असं कोरून खाली तिघांची नावं घालणार. चौथ्याचा पुरावा मिळाला नाही तर त्याला वगळणार.

मी इतका हसलो की स्वप्नाली पाणी घेऊन धावली. अरे बाळा, पोर्तुगीज वसई सोडून गेले त्याला तेव्हा दोनशे वर्षं झाली होती. सरदार कुठून यायचा? ते शेवटचं अक्षर 'ई' नाही, घासला गेलेला 'यू' आहे. कोंडू. भाताचा कोंडा असतो ना, त्यावरून कोंडू. तुझा तो लिस्बनचा सरदार फुलपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याला मधुमेह आहे. कागदावर माझं नाव हरेश्वर, पण तुमच्या घरात ते कधी कुणी वापरलं नाही.

आता नाव कसं पडलं ते ऐक. तुमच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक कुंपण होतं, तेही कोंबड्यांसाठी. माझ्या आईची, बायजाची, आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. माझ्या वेळी ती पार भेदरली. आमच्यात रीत होती, मूल जगत नसेल तर ते दुसऱ्या बाईला विकायचं. म्हणजे मरण दारात आलं तरी त्याला सांगता येतं, इथे माझं काही नाही. सटवीची पूजा झाली आणि आईने मला सुपात घालून तुमच्या ओट्यावर ठेवलं. नात्यातल्या बायका सोडून तुमच्याच दारात का, असं मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, "सटवी किरिस्तावाच्या घरात कोनाला विचारनार?" इझाबायने सूपभर कोंडा आईच्या ओटीत ओतला, मला उचललं, पाजलं, आणि मग सांभाळायला म्हणून आईकडेच परत दिलं. वाढलो आईकडे, पण पोर इझाबायचं. नाताळात तुझ्या पपांना शर्ट आला की त्याच ताग्याचा मलाही यायचा. मार मात्र दोन्हीकडचा.

विकलेलं मूल लग्नाआधी परत विकत घ्यायचं असतं. माझी हळद ठरली तशी आई सूपभर कोंडा घेऊन तुमच्या दारात गेली. मागे मी, नव्या धोतरात अवघडलेला. इझाबायने कोंड्यात बोटं फिरवली आणि सूप परत सरकवलं. म्हणाली, "कोंडा दिला तवा त्यो कोंडा होता. आता तांदूल झालाय. तांदलाचा भाव काढ, बायजा." दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लागले. व्यवहार काही झाला नाही. हळदीला पाटावर बसलो तेव्हा पहिलं बोट इझाबायने लावलं, आणि आमच्या एकाही म्हाताऱ्याने तोंड उघडलं नाही. अजून कधी डोळा लागतो तेव्हा त्या दोघी ओट्यावर बसलेल्या दिसतात, मधे सूप, आणि भाव काही ठरत नाही. जागं व्हावंसं वाटत नाही बघ.

तुझ्या पानावर दुसरा एक फोटो आहे, आजीच्या मातीचा. शवपेटीभोवती सगळे उभे आणि पायाशी एक टकलू माणूस. त्याच्याखाली तू लिहिलंयस, बहुधा पेटीवाल्याचा माणूस. ज्युलियस, तोही मीच. आमच्यात आई गेली की मुलगा केस काढतो. पण माझी आई तर समोर चुलीपाशी जिवंत बसलेली. जित्या आईसमोर डोकं कसं भादरायचं? मी घुटमळलो तशी तीच उठली आणि मला ढकलत म्हणाली, "जा, केस काड. मी तुला पोसला, पन तुजा जीव तिच्या नावावर हाय." तिने तो दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. मी तसाच चर्चमध्ये गेलो. पाद्रीबाबांनी एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मला तुझ्या पपांशेजारी जागा दिली. त्यांच्यामागोमाग मीही मूठभर माती टाकली.

आता हे सांगायला तुझे पपा नाहीत, आत्या नाहीत, बायजाही नाही. मी उरलोय, आणि माझ्याकडे पुरावा म्हणशील तर काही नाही. पण हे पत्र मी माझं नाव दगडावर यावं म्हणून लिहीत नाही. हरेश्वर नको, कोंडूही नको. बाप्तिस्मा न झालेलं नाव तिथे कोरण्यावरून उद्या तुझी कुणाशी कुरबूर नको. मागणं एकाच शब्दापुरतं आहे. इझाबायला कुणीही विचारलं, खानेसुमारीवाल्याने, दवाखान्यातल्या नर्सने, अगदी पाद्रीबाबांनीही, की बाई, तुला मुलं किती, तर ती चार सांगायची. बोटांवर मोजत तिघांची नावं घेतल्यावर समोरचा थांबायचा, चौथा कोण म्हणायचा, तर ती कुंपणापलीकडे हाक मारून मला बोलवायची आणि दाखवायची. आता तिला हाक मारता येत नाही. म्हणून मी आपणहून आलोय. नावं तिघांचीच घाल, बाळा, पण वर 'चार मुलांची आई' असं कोर.

तुझाच,
कोंडूकाका