ट्वीडचा कोट पेटीत आहे

मर्डो,

तू मेंढ्यांच्या बाळंतपणात अडकलायस म्हणून हाक मारली नाही. सकाळच्या बोटीनं इन्व्हर्नेसला निघालेय, ऑपरेशन गुरुवारी आहे. मागोमाग धावत येऊ नकोस, कोकरांकडे कोण बघेल?

तुझा ट्वीडचा कोट मी उचललाय. ऊन तापायला लागलं तरी तुझ्या अंगावरून उतरत नाही मेला, मेंढ्या तुला आपल्यातलाच समजत असतील! ब्रश मारून, कोपराला कातड्याचं ठिगळ लावून पेटीत तळाशी ठेवलाय. कसर लागू नये म्हणून वाळकी पानं घातलीयत, ती फेकू नकोस.

तीस वर्षांत तो उन्हाळाभर कुठे असतो, हे तू कधी विचारलं नाहीस. गार वारा सुटला की मीच काढून देईन.

तरी पेटीची किल्ली चहाच्या डब्यामागे आहे. माहीत असू दे.

एफी