गाळाची सरासरी आणि माझी निरवानिरव

मी, नदीमापन कचेरीतून निवृत्त झालेली, वय एकोणऐंशी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही हात न धरता हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि शिल्लक भाचीला. माझ्या भावाने वाटा मागू नये. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो फिरकला नव्हता.

२. माझी गणनपट्टी, म्हणजे जुना स्लाइड रूल, भाचीच्या मुलीला; ती संख्याशास्त्र शिकते. सोबत एवढे सांगावे. नदी बहुतेक दिवस थोडाच गाळ आणते आणि पुराच्या मोजक्या दिवसांत डोंगर ओतते. असे एकीकडे कललेले आकडे आम्ही लॉगरिदममध्ये बदलायचो, म्हणजे ते दोन्हीकडे सारखे पसरत. मोठे साहेब लॉगची सरासरी काढून तीच सरळ उलटवायचे. शेजारच्या टेबलावरचा गणिती मला म्हणाला, "अशानं मधला दिवस हाती लागतो, सरासरी नाही. पूर मागेच राहतो. उलटवण्याआधी लॉगच्या प्रचरणाचा, म्हणजे व्हेरियन्सचा, निम्मा भाग मिळव." मिळवला, तर गाळ दुपटीवर गेला. त्या संध्याकाळी आम्ही दोघे एकाच कागदावर वाकून हसत होतो. तसे हसणे पुन्हा झाले नाही.

३. साहेबांनी आकडा झिडकारला, जुन्याच हिशेबाने धरण बांधले आणि गणित्याची बदली लांबच्या केंद्रावर केली. धरण निम्म्या काळातच गाळाने भरले. खालची शेते सुकली. साहेब हयात असल्यास त्या गाळाची माझ्याकडची बरणी त्यांना पोचवावी. राग म्हणून नव्हे. बरे, थोडा राग आहेच.

४. बदलीच्या आदल्या दिवशी गणित्याने पाण्याची बाटली भरता भरता विचारले, "येतेस?" मी म्हणाले, "बघू." तो एकटाच गेला. पुढे त्याने संसार थाटला. सुखाचा झाला असे ऐकते, आणि तसाच असावा. आजही नदीचे पाणी गढूळले की वाटते, त्याने पाहिले असेल का.

भाचीने स्वतः जाऊन त्याला भेटावे. पत्र पाठवू नये. सांगावे, की तो निघाला त्या सकाळी मी पिशवी भरून दाराशी आले होते, तेवढ्यात आई न्हाणीघरात पडली. तो काही बोलला तर ऐकून घ्यावे. गप्प राहिला तर थोडा वेळ शेजारी बसावे.

वाचून, समजून सही केली.

साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई, खालच्या मजल्यावरचे शिंपी
स्थळ: राहते घर, नदीकडची खोली
तारीख: नऊ मार्च