देव्हाऱ्यातली तेलवाली लक्ष्मी

रोहा, बुधवार, दुपार (शांती डुलकी घेते आहे)

श्रीयुत हिरामणदादा यांच्या चरणी, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे हैबतरावाचा, साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचाच.) वहिनींचे गुडघे काय म्हणतात? कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी सुरू झाली असेल, तुम्हाला जेवायला सवड नसेल, हे ठाऊक असूनही लांबण लावतो आहे. फोन केला असता, पण माझा आवाज कंपनीत मशीनशेजारी तयार झालेला. मी कुजबुजलो तरी शांतीला स्वयंपाकघरात ऐकू जातं. मेसेज करावा, तर तुमचे मेसेज वहिनी अख्ख्या कारखान्याला वाचून दाखवतात.

माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या जाहिरातींचे पत्रे आणि कंपन्या पूर्वी गिऱ्हाइकांना शकुनाचे म्हणून वाटायच्या ते पितळी बिल्ले. (शांती या दोहोंना मिळून भंगार म्हणते.) मागे तुमच्याकडे आलो होतो ना, तेव्हा पेणच्या एका बंद पडलेल्या किराणा दुकानाचा पत्रा मिळाला. त्यावर ठळक अक्षरांत ‘दमा, खोकला, अशक्तपणा, सर्वांवर एकच काढा’. तो मांडीवर उभा धरून एसटीत बसलो. वडखळ येईपर्यंत शेजारच्या बाईंनी मला खोकून दाखवलं होतं. नागोठण्यापर्यंत मागच्या बाकांवरची दुखणीही माझ्यापर्यंत पोचली. मी वैद्य नाही असं सांगत होतो, पण चांगला वैद्य असाच नम्र असतो असं गाडीचं मत पडलं. शेवटी सगळ्यांना आलं आणि मध सांगून सुटलो. कंडक्टरनेही लिहून घेतलं.

पण पत्र त्यासाठी नाही. कासूला ठमाबाई म्हणून एक म्हातारबाई आहेत, मिठागरात उभा जन्म गेला त्यांचा. त्यांच्या तांदळाच्या डब्यात एक बिल्ला असल्याचं कानावर आलं आणि मी गेलो. दादा, काय तो बिल्ला! एका बाजूला कमळावर लक्ष्मी, दोन्हीकडे हत्ती. दुसऱ्या बाजूला ‘सोनकमळ केशतेल, टकलावर हमखास’. (माझ्या डोक्याकडे बघून हसू नका.) ठमाबाईंच्या सासऱ्यांना तो तेलाच्या बाटलीबरोबर फुकट मिळाला होता. मी किंमत विचारली, तर म्हातारी म्हणाली, “पैसं नको रं. शकुनाचा हाय. त्यो इकायचा नाय, द्यायचा. पन कपाटान कोंडू नको. घरान ज्याची वाट बगता, त्याच्याजवल ठेव.” मी व्हय म्हणालो आणि घरी आणून कपाटातच ठेवला. पनवेलच्या आमच्या संग्राहक मंडळाचा नितेश फोटो बघून वेडा झाला. श्रावणात प्रदर्शन आहे, त्यात मधल्या टेबलावर फक्त हा बिल्ला, खाली माझं नाव. उभ्या आयुष्यात माझं नाव हजेरीपटाखेरीज कुठे लागलेलं नाही.

आता घोळ ऐका. त्यानंतरच्या शुक्रवारी शांतीने देव घासायला काढले होते. चिंचेच्या पाण्याचं पातेलं आयतंच भरलेलं. मला वाटलं, एका चिंचेत देवही उजळतील आणि बिल्लाही, म्हणून हळूच आत सोडला. (आळशी माणसाला अशाच कल्पना सुचतात.) तेवढ्यात नितेशचा फोन आला आणि मी अंगणात गेलो. परत येतो तर पातेलं रिकामं, देव जागेवर, आणि टाकांच्या रांगेत, खंडोबाच्या शेजारी, हळदकुंकू लावून माझी तेलवाली लक्ष्मी. आमच्या आईचा एक टाक कुंडलिकेच्या पुरात वाहून गेला होता. शांतीला वाटलं, तोच कुठल्या तरी भांड्याच्या बुडाशी सापडला.

मी तोंड उघडणार होतो. खरंच. पण त्याच संध्याकाळी माहेरी आलेल्या सुरभीला डॉक्टरांकडे नेलं. पोरीला सातवा चालू आहे, अंथरुणावरून उठायची बंदी आहे, आणि मागच्या वेळी काय झालं ते तुम्ही जाणता. डॉक्टर म्हणाले, बाळ छान आहे. घरी येऊन शांती देव्हाऱ्यापुढे बसली आणि किती तरी वेळ रडली. दादा, तिला कोणत्या तोंडाने सांगू की तू केशतेलापुढे रडते आहेस?

मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
हैबतराव

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सोबतच्या डब्यात कणकेचा गोळा आहे. शांती नळावर गेली असताना बिल्ल्याचे दोन्ही छाप त्यात घेतले आहेत. वाळायच्या आत त्यावरून शाडूचा बिल्ला काढून पितळी रंग द्या. तुमचा हात, म्हणजे हुबेहूब होणार. तुमच्या बहिणीला यातलं अक्षरही कळता कामा नये.

ता. क. दुसरा. (गुरुवार.) गैरसमज नको. नक्कल देव्हाऱ्यासाठी नाही, प्रदर्शनासाठी हवी आहे. काल पत्र लिहायला घेतलं तेव्हा उलटं ठरवलं होतं. आज सकाळी बिल्ला कसा बदलता येईल ते बघायला देव्हाऱ्यापुढे बसलो, तर आतून सुरभी म्हणाली, “बाबा, बाळ लाथा मारतंय.” बघतो तर माझे हात जोडलेले. टेबलावर शाडूची लक्ष्मी ठेवेन आणि खाली ‘नक्कल’ असं स्वच्छ लिहीन. नितेश चिडेल. चिडू दे.

ता. क. तिसरा. दादा, मी शांती. हे बाजारात पाकीट आणायला गेलेत आणि पत्र उशीखाली ठेवून गेलेत. पहिल्या दिवशी मला खरंच सासूबाईंचा टाक वाटला होता. पण देवाला रोज आंघोळ घालते मी, दुसऱ्याच दिवशी पाठ वाचली. काढणार होते. पण लग्न झाल्यापासून हा माणूस कधी देवापाशी बसला नव्हता. आता रोज चष्मा पुसून बसतो आणि हळूच सुरभीचं नाव घेतो. हळूच म्हणजे त्यांच्या आवाजात, गल्लीला ऐकू जातं. मलाही फार भीती वाटते रे दादा, पण हे शेजारी बसले की कमी वाटते. कणकेला कुंकू लागलं होतं, तो गोळा मी टाकून दिला आणि डब्यात नीट मळलेला दुसरा घातलाय, छाप मीच उमटवलेत. नक्कल कर. फक्त हुबेहूब नको करू. खरी कोणती ते ह्यांना कळलं नाही, तर दोन्हींपुढे बसतील आणि पोरीला औषध द्यायचं राहून जाईल.